नाहूरच्या गटारावरच्या फळ्या

नाहूरच्या जुन्या गावठाणात एका बाजूला घरे आणि क्रूस, दुसऱ्या बाजूला रस्ता, मध्ये गटार. गाळ काढायचा म्हणून ठेकेदाराने त्यावरच्या लाद्या फोडल्या, अर्धामुर्धा गाळ उपसला आणि पाठ फिरवली. वॉर्ड कचेरीचे उंबरठे झिजवून लोक थकले. मग ज्याने त्याने आपल्या दारापुढे एकेक फळी टाकली. मे महिन्यात क्रुसापुढे रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना व्हायची. रस्त्यापलीकडच्या बायकांना यायला वाट हवी, म्हणून तिथली रुंद फळी गिल्बर्टने टाकली. जन्मभर गोदीत सुतारकी केलेला माणूस. लाकूड त्याने पारखूनच घेतले होते.

जुलैत गटार तुंबून रस्त्यावर आले आणि ती फळी वाहून गेली. गढूळ पाण्याखाली ती आहेच अशा समजुतीने गिल्बर्टची बायको क्लारा, पावाची पिशवी सावरत, सवयीने पाऊल टाकती झाली. पाण्याने तिला मोरीच्या जाळीपर्यंत फरफटत नेले. बाहेर काढताना गळाचा आकडा तिच्या गालातून आरपार गेला. तो गिल्बर्टने स्वतःच्या हाताने सोडवला.

कचेरीचे अभियंता साहेब चौकशीला आले. सोबत कारकून, ठेकेदाराचा मुकादम आणि एक हवालदार. शेजारच्या जोआनाच्या दारापुढच्या फळीवरून, तोल सावरत, सगळे क्रुसापाशी पोचले.

"इथली फळी कोणी टाकली होती?"

"गप रहा रे," जोआना कुजबुजली. "गेली ना वाहून? कोणाला दिसते आता?"

"मी टाकली," गिल्बर्ट म्हणाला.

"घ्या लिहून," साहेब कारकुनाकडे वळले. "खासगी इसमाने टाकलेल्या अनधिकृत फळीमुळे मृत्यू. प्रशासन जबाबदार नाही."

बायकोच्या मरणाचा धनी एका वाक्यात तोच ठरला.

त्याचा पुतण्या मर्विन मुकादमावर तुटून पडला. "लाद्या काय माझ्या काकाने फोडल्या रे?" पहिल्याच ठोशात मुकादमाचा ओठ फाटला, दुसऱ्याने तो क्रुसाच्या ओट्यावर आपटला. हवालदाराची लाठी मर्विनच्या पाठीत बसू लागली, तसे शेजाऱ्यांनी त्याला ओढून घरात नेले.

गिल्बर्ट घरातून पहार घेऊन आला. कोणाकडेही न पाहता त्याने पहिल्या दारापुढची फळी उचकटून गटारात लोटली. मग दुसरी. मग पुढची.

"अरे मेल्या, आमची कशाला?" जोआना ओरडली. "बाहेर कसं पडायचं आम्ही?"

"साहेबांना विचार."

शेवटी जोआनाचीही फळी गेली.

"अहो, आम्ही जाणार कुठून?" साहेबांचा आवाज चिरकला.

"अनधिकृत फळीवरून कसे जाल? तुमची वाट दाखवा ना."

हवालदाराची लाठी त्याच्या खांद्यावर कडाडली. पहार गळून पडली. तेव्हा गिल्बर्टने दोन्ही हातांनी साहेबांची मानगूट धरली आणि त्यांचे तोंड काळ्या पाण्यावर वाकवले. "इथून गेली ती. झाकायचं काम कोणाचं होतं? बोल."

"आमचं... कचेरीचं!"

दुसरा घाव डोक्यावर बसला आणि गिल्बर्ट कोसळला. साहेबांनी आधी चष्मा शोधला, मग कारकुनाला बजावले, "ते लिहू नका. जबरदस्तीने बोललो मी."

तासाभरात कचेरीचा ट्रक आला. गावठाणाने वर्षभर मागूनही न मिळालेला जाड लोखंडी पत्रा मजुरांनी गटारावर अंथरला. साहेब पलीकडे गेले. मागोमाग बेड्या घातलेला, एका डोळ्यात रक्त उतरलेला गिल्बर्ट.

पत्र्याच्या मधोमध तो थांबला. "हवालदार, हे लिहाल ना? हा मी टाकलेला नाही."

त्याला ढकलत पोलिसांच्या गाडीत कोंबले. मजूर पत्रा उचलायला वाकले, तशी जोआना येऊन त्यावर फतकल मारून बसली. पाठोपाठ आळीतल्या सगळ्या बायका.

"उचला," ती म्हणाली. "आमच्यासकट उचला."

हवालदाराने लाठी उगारली. एकही बाई उठली नाही.