अठराव्या होलचे पाच

"मला नको, आकड्याला विचारा." असं म्हणून आमचे ऑपरेटर मॉनिटर आपल्याकडे वळवायचे. शिल्लक रजा विचारा, माल कधी निघाला विचारा, उत्तर हेच. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्याशी वाद घालायची सोयच नसते.

वसई पूर्वेला व्हॉल्व्हच्या कारखान्यात आम्ही शेजारी बसायचो. मी टायपिस्ट, कायम. ते कॉम्प्युटर ऑपरेटर, कंत्राटी. गासहून सायकल मारत यायचे. मालक दर वर्षी गिऱ्हाइकांसाठी गोल्फची स्पर्धा भरवायचे. खेळ लांब कुठल्याशा हिरवळीवर. तिथून स्कोअरकार्डं फॅक्सनं यायची, हे एक्सेलमध्ये क्रमवारी लावून यादी परत पाठवायचे. गोल्फ आमच्यापैकी कुणाच्या बापानं पाहिला नव्हता.

पहिल्या वर्षी मालकांचे एकशे एकवीस झाले. सगळ्यांत जास्त! यांनी दिमाखात त्यांना पहिला नंबर दिला, आम्ही पेढे आणले. मालक खरं म्हणजे शेवटचे आले होते. सोमवारी पेढा बघून त्यांनी जो चेहरा केला, तो विचारू नका!

मग यांनी मालकांच्या ड्रायव्हरला धरून खेळ समजून घेतला आणि आठवडाभर माझं डोकं खाल्लं. "कमी फटके, तो पुढं. आनि ताई, याचं कार्ड तो लिवतो, त्याचं हा. मधे पंच नाय. काय इमानाचा खेळ हाय!" पगाराच्या दिवशीसुद्धा त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

चौथ्या वर्षी त्यांना कायम करायचं ठरलं. पत्र मीच टाइप केलं, फक्त सही राहिली होती. स्पर्धेच्या रविवारी मालकांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक आणि एक तरुण इंजिनियर, दोघांचेही चौऱ्याऐंशी. बरोबरी झाली की अठरा होलांपैकी, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्यांपैकी, शेवटच्या नवांचे फटके बघायचे, असा नियम. त्यात इंजिनियर पुढे. तेवढ्यात मालकांचा फोन आला, गिऱ्हाइकाचा एक फटका कमी कर.

"सर, कार्डावर सहा हायेत. मी पाच कसे भरू?"

पलीकडून काय ऐकलं कोण जाणे, त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"तुला येतं ना गं एक्सेल?" मालक म्हणाले.

येत होतं मेलं! अठराव्या होलचे सहा होते, मी पाच केले. नोकरीची भीती होती आणि मालकांची मर्जीही हवी होती. दोन्ही होतं, खोटं कशाला सांगू?

ते हळूच म्हणाले, "ताई, ते कार्ड त्या इंजिनियरनंच लिवलंय. त्याला ठाऊक हाय, सहा हायेत. नका पाठवू."

मी पाठवलं.

बक्षीस देतानाच तिकडे भांडण पेटलं. मालकांनी चारचौघांत हात जोडले आणि सांगितलं, आमच्या ऑपरेटरची चूक. सोमवारी कायम करायचं पत्र फाडलं गेलं आणि नवं निघालं. आकडे भरण्यात गंभीर चूक, उद्यापासून कामावर येऊ नये. तेही मीच टाइप केलं. मला वाटलं, आता हे माझं नाव घेणार. त्यांनी कीबोर्डवर कव्हर घातलं, डबा पिशवीत टाकला. "येतो ताई," म्हणाले आणि गेले.

पुढे मला केबिन मिळाली. तीन वर्षांनी कळलं, ते वारले. मी गासला त्यांच्या घरी गेले. ओटीवर गावची चार माणसं बसली होती. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि समोर येऊन बसली.

"तुम्हीच त्यांच्या शेजारी बसायच्यात ना? मी लय बोलायची त्यांना. एक आकडा नीट भरता आला नाय, म्हनायची. शेवटपर्यंत गप ऐकून घेतलं हो त्यांनी. खरंच त्यांची चूक होती का, ताई?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"होते माणसाच्या हातून," मी म्हणाले.