पेशंट नसलेला एक्स-रे

केजच्या एका दवाखान्यात त्रिंबकनं सत्तावीस वर्षं एक्स-रे काढले. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मोडक्या बरगड्या, खोकून बेजार झालेल्यांच्या छात्या, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. फिल्म उजेडाला धरली की डॉक्टरच्या आधी हा बोलून मोकळा. म्हणून पोरगी मुक्ता पुण्याला एक्स-रेवरच संशोधन करते म्हटल्यावर गडी हवेत होता. मी दूध संस्थेचा सचिव, रोज मला येऊन सांगायचा, "माझंच काम पुढं चालवायलीय."

त्या वर्षीच्या दुष्काळात चारा संपला, जनावरं छावणीत गेली आणि आमची संस्था शेजारच्या गावच्या संस्थेत विलीन करायचं ठरलं. त्याच सभेत मुक्ताचा सत्कार ठेवला. ती तीन वर्षांसाठी जर्मनीला निघायच्या गडबडीत होती. त्यामुळे शाल बापानं घ्यायची आणि पोरगी काय करते ते चार शब्दांत सांगायचं.

त्रिंबकनं तिच्याकडून फोटो मागवला. काळ्या आभाळात निळसर, फिसकटलेला उजेड. मोबाइल आडवा-उभा करून त्यानं निदान केलं आणि लगेच माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"पेशंट हललाय, मुक्ता. परत काढ."

"पेशंट न्हाईच, अण्णा. ताऱ्यांच्या मोठमोठ्या वसाहती असतात, त्यांचे दोन समूह एकमेकांवर आदळलेत."

"आन एक्स-रे सोडणारी ट्यूब कुठं लावली?"

"ट्यूब बी न्हाई. धडकेत मधला वायू इतका तापला की त्यातूनच एक्स-रे निघायलेत. वायू मधीच अडकला, आन ताऱ्यांच्या वसाहती एकमेकींतून आरपार गेल्या."

एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला फिल्म आणि मधे माणूस, याखेरीज त्रिंबकनं जन्मात काही पाहिलं नव्हतं. फोन ठेवून माझ्यावरच खेकसला, "धडक झाली म्हणती, आन कुणाला लागलं न्हाई म्हणती. मग एक्स-रे कशाला काढायचा बे?"

पण चिडण्यामागची भीती मला दिसत होती. बापलेकीत बोलायला काही उरलं नाही, तर पोरगी कायमची लांब जाईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

सभेत दोन्ही गावचे सभासद दोन बाजूंना बसलेले. त्रिंबक शाल घेऊन उभा राहिला.

"माझी पोरगी एक्स-रे..." म्हणाला आणि अडला. "मला कळत न्हाई वो ती काय करती. लहान असताना माझ्या अंधाऱ्या खोलीत शेजारी बसायची, फिल्म धुताना बघायची. तवा कळायचं."

एवढं बोलून शालीनं डोळे पुसत खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांचा असा राग आला! माणूस रडत होता आणि हे टाळ्या वाजवत होते.

सभा सुटल्यावर दूध केंद्राच्या ओट्यावर माझ्याशेजारी बसून त्यानं पुन्हा फोन लावला.

"मुक्ता, ते आरपार गेलेले, ते तसेच लांब जातात का?"

"न्हाई अण्णा. ओढ असती ना एकमेकांची. लांब जाऊन वळतात, परत येतात."

"किती दिसांनी?"

ती हसली. "शंभर कोटी वर्षं तरी लागतील."

त्रिंबकनं मांडीवरच्या शालीची घडी घातली.

"तेवढं थांबणं माझ्यानं व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "तू दिवाळीला येऊन जा."