आठ शेरी पायली

पंचवीस पायल्या म्हणजे किती ज्वारी, हे मला कळले नाही आणि मी एका निर्दोष माणसाला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवले. पोलिसातल्या नोकरीत तपासलेले कितीतरी गुन्हे विसरलो, हा मात्र डोक्यातून जात नाही.

एका बागायतदाराच्या खोलीतून ज्वारीचे पोते चोरीला गेले होते. खबऱ्याने सांगितले, त्यांच्या जुन्या गड्याच्या घरात दोन पोती आहेत. गड्याला आणले.

"सासरवाडीला काढणीला गेल्तो साहेब, नेवाशाच्या पल्याड. पंचवीस पायल्या मजुरी मिळाली."

मी मनात हिशेब केला. आमच्याकडे पंचवीस पायल्यांत एकच पोते भरते. मग दुसरे चोरीचे! हा हिशेब मी त्याला सांगितलाच नाही. संशयिताला आपले पत्ते दाखवायचे नसतात, ही माझी हुशारी. तो हात जोडत होता, "उद्या पोरीची सुपारी फोडायची हाय, पाव्हणे येत्यात. सोडा मला." सोडले नाही.

सकाळी जबाब घ्यायला त्याच्या सासरवाडीला गेलो. त्याला मजुरी देणाऱ्या शेतकऱ्याला ऐटीत म्हणालो, "पायलीने पोते भरून दाखवा." निम्म्या पायल्यांतच पोते तोंडाला आले. मी म्हणालो, पुन्हा मोजा.

शेतकरी हसला. "आमची पायली आठ शेरी, साहेब. तुमच्याकडं चार शेरी. हे काय इचारायचं असतं व्हय?"

"इचारायचंच राहिलं," आमचे हवालदार पुटपुटले.

परत येऊन गड्याला सोडले, तोवर घरधनी ठाण्यात असल्याचे ऐकून पाहुणे निघून गेले होते. पुढे पोते बागायतदाराच्या पुतण्यानेच विकल्याचे निघाले.

त्यानंतर जबाबात विहिरीच्या खोलीचे परस, म्हणजे माणूसभर माप, आले की कोणाच्या उंचीचे, तोळा आला की जुना की नवा, असे मी विचारत असे. लोक खोटे बोलण्याआधी वेगळ्या मापाने बोलत असतात, एवढे शिकलो. पण किंमत त्या पोरीने मोजली.

चूक निस्तरायला तेव्हा मी स्वतः त्या पाहुण्यांकडे गेलो. मुलाचा बाप दारातच "बघू" म्हणाला आणि आत गेला. तसे येऊन पोरीच्या आईला सांगितले.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"ह्याच वर्दीत गेल्ता? जीप घिऊन? आता तर त्यास्नी पक्कंच वाटलं आसंल, आमी चोर म्हनून. साहेब, तुमी घरीच बसायचं हुतं."