शाळेने सिस्टम बदलली तेव्हा

प्लेग येऊन गेल्याला दीडेक वर्ष झालं होतं. सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत एकच कंप्युटर होता आणि त्याला हात लावणारी मी एकटी. बाकीचे शिक्षक चपला बाहेर काढून त्या खोलीत येत, लांबून बघत आणि निघून जात. सुटीत मी मराठी टायपिंग शिकले होते, त्यामुळे दहावीच्या सराव परीक्षेचे सगळे पेपर माझ्याच गळ्यात पडले होते.

मुख्याध्यापकांना पेपरांपेक्षा स्नेहसंमेलनाची काळजी. आमच्या ट्रस्टी शेठचे जावई कतारगामला कंप्युटरचे क्लास चालवत. नुकतीच बाजारात आलेली नवी ऑपरेटिंग सिस्टम त्यांनी मुंबईहून आणली होती. संमेलनात पाहुण्यांच्या हस्ते ती आमच्या कंप्युटरवर सुरू करायची, असं त्यांनी आणि मुख्याध्यापकांनी परस्पर ठरवलं होतं.

"बेन, आखा सुरतमां पहेली स्कूल!" जावई मला म्हणाले.

"पण आमचा मराठीचा प्रोग्राम तिच्यावर चालेल का?"

"चालेज ने! कंप्युटर तो कंप्युटर है."

"तुम्ही चालवून पाहिलाय?"

यावर ते नुसते हसले. लहान मुलीने देव कुठे राहतो असं विचारल्यावर हसावं तसं.

मी मुख्याध्यापक सरांकडे गेले. "सर, पेपर छापून होऊ द्या. महिनाभर थांबलो तर काय बिघडलं?"

"महिनाभराने आपण पहिले कसे राहू, बाई?" सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती.

तरी लोकशाही हवी म्हणून त्यांनी स्टाफ मीटिंग बोलावली. जुन्या सिस्टमला काय झालंय, हे एकानेही विचारलं नाही. ज्यांना कंप्युटर चालू कुठून करतात तेही माहीत नव्हतं, अशा चौदा जणांचे हात झटकन वर गेले. चित्रकलेचे मास्तर तर कंप्युटर शॉक मारतो म्हणून घाबरायचे. त्यांचा हात सगळ्यात उंच. मग सरांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती. मीही हात वर केला. त्या सगळ्यांना नावं ठेवायचा माझा हक्क तिथेच संपला, पण मी अजून ठेवते.

संमेलनात पाहुण्यांनी माउस दाबला. पडद्यावर ढगांचं चित्र आलं, टाळ्या झाल्या, पाहुण्यांनी पुन्हा दाबून पाहिला.

सोमवारी मी पेपर उघडायला गेले, तर मराठीचा प्रोग्राम सुरूच होईना. दुसऱ्या मार्गाने फाइल उघडली, तर 'प्रश्न पहिला'च्या जागी नुसत्या चौकटी आणि वेडीवाकडी चिन्हं. जावयांना फोन केला. "बेन, तीन-चार महिनामां नवो फॉन्ट आवी जशे," ते म्हणाले. फॉन्ट यायला तीन-चार महिने, आणि परीक्षा नऊ दिवसांवर होती.

नशीब, मी सगळं फ्लॉपीवर उतरवून ठेवलं होतं. प्रोग्रामच्या फ्लॉप्याही कपाटात होत्या. त्या घेऊन मी रिक्षाने कतारगामला जावयांच्या क्लासवर गेले. त्यांच्याकडे जुनी सिस्टम असलेलं एखादं मशीन पडून असेल, एवढीच माझी आशा.

आठ मशीनं ओळीने मांडली होती. आठही जुन्या सिस्टमवर.

मी बोटाने ती ओळ जावयांना दाखवली. त्यांना त्यात शरमण्यासारखं काही वाटलं नाही. "धंधामां जोखम न लेवाय, बेन," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

सगळे पेपर मी तिथेच बसून छापले. चहा प्यायले नाही. तेवढाच काय तो माझा निषेध. शाळेत येऊन आठ मशीनांची हकीकत सरांना सांगितली. त्यांनी आधी उठून दार लावलं.

"कोणाला सांगू नका, बाई. वार्षिक अहवाल छापायला गेलाय, त्यात आपण पहिले आहोत."

आठवडाभराने वराछातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक आमची नवी सिस्टम बघायला आले. त्यांनाही घ्यायची होती, पण धीर होत नव्हता. सरांनी त्यांना कंप्युटरसमोर बसवलं, ढगांचं चित्र दाखवलं आणि म्हणाले, "एकदम झकास चाललंय. आमच्या बाईंनाच विचारा की."

पाहुणे माझ्याकडे वळले. भला माणूस होता, खिशातून डायरी काढून लिहून घ्यायला बसला होता.

"हो," मी म्हणाले, "छान आहे."

त्यांनी तेवढं लिहून घेतलं.