काचेतली भुलाबाई

लग्न होऊन रत्नप्रभाकाकू अकोल्याहून भोपाळला आल्या, तेव्हा ट्रंकेत आईने दिलेली भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी होती. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत इंद्रपुरीतल्या क्वार्टरमध्ये पाट मांडायचा. बायका-मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या. शेवटच्या दिवशी बोळवणीचं गाणं म्हणून भुलाबाईला सासरी धाडायचं, मगच जोडी कपाटात. बोळवण चुकली तर माहेरवाशीण अडकते, असं आई सांगायची.

ही गाणी इथल्या संग्रहालयात लागावीत म्हणून काकूंनी चपला झिजवल्या. शेवटी तिथले साहेब हो म्हणाले. गाणं रेकॉर्ड करून लावू म्हणाले.

"भुलाबाई समोर नसेल तर आमचं गाणं होत नाही," काकूंनी ठणकावलं.

"तो उन्हें भी दे दीजिए."

गाणी रेकॉर्ड झाली तेव्हा घरी पाट मांडलेला होता. आनंदाच्या भरात काकूंनी पाटावरूनच जोडी उचलून दिली. बोळवण राहिली.

कोजागिरीच्या दोन दिवस आधी ते ध्यानात आलं. काकू धावत गेल्या. जोडी एका संध्याकाळपुरती द्या, साहेबांना म्हणाल्या.

"बहनजी, अब वो संग्रह में हैं. काँच नहीं खुलेगा."

काकूंचं जेवण तुटलं.

"काकू, आपण तिथेच जाऊन बोळवू," शेजारची क्षितिजा म्हणाली. "काचेतून ऐकू तर येतं ना तिला?"

"मोठी शहाणी! चल."

कोजागिरीला दुपारी दोघी काचेसमोर उभ्या राहिल्या. वर स्पीकरवर काकूंचाच आवाज होता. भुलाबाई माहेरी येते ते गाणं. साहेबांनी तेवढंच निवडलं होतं.

"भैया, थोडी देर बंद करोगे?" काकूंनी पहारेकऱ्याला विचारलं.

"अम्मा, बटन मेरे पास नहीं है. ऑफिस से चलता है."

गाणं संपलं. काकूंनी घाईने बोळवण सुरू केली. एक ओळ झाली. दुसरी अर्धी झाली. वरच्या काकूंनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही. वरचा आवाज मोठा होता आणि त्याला दम लागत नव्हता.

चौथ्यांदा क्षितिजाने टाळ्यांचा ठेका धरला. काकूंनी काचेवर हात ठेवला, तोंड उघडलं. गाणं आलं ते माहेरी येण्याचं.

"काकू, हे नाही!"

काकूंना कळत होतं. डोळ्यांना धार लागली होती. पण वरच्या आवाजाने सूर धरला होता आणि गळा त्याच्याच मागे चालला होता.

पहारेकरी खुश झाला. "वाह अम्मा! बिल्कुल वैसा ही."