सिस्टरमावशीची ओव्हर

माझी मावशी घरातसुद्धा दवाखान्याच्याच भाषेत बोलायची. एकादशीला आईनं उपास धरला की ती जाहीर करायची, "आज आक्का एनबीएम. तोंडानं काय द्यायचं न्हाय." जेवायला थांबा थांबा म्हणत असताना कुणी निघूनच गेलं, की "पावणं डामा घेऊन गेलं." डॉक्टर नको म्हणत असताना पेशंट आपल्या जबाबदारीवर घरी गेला की त्याला डामा म्हणतात, हे कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत पोरांनाही ठाऊक होतं. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. गल्लीची ती सिस्टर, माझी सिस्टरमावशी.

वॉर्डात नातेवाइकांसमोर मात्र यातला एक शब्द ती काढत नसे. चंदगडकडच्या एका म्हाताऱ्याची बायको तिच्या वॉर्डात होती. डॉक्टर "लिव्हरमध्ये मेट्स" एवढं म्हणून पुढच्या खाटेकडे गेले आणि म्हातारा आपला हात जोडून हसत राहिला. मावशीनं त्याला बाहेर बाकावर बसवलं. "बाबा, गाठ पसरलीया. आता बरं व्हायचं न्हाय. लेकीला बोलवून घ्या." त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. मी विचारलं, "हे असले शब्द तुम्ही दवाखान्यातली माणसं वापरताच कशाला?" म्हणाली, "आमच्यासाठी हाईत ते. पेशंटसंगं आमीबी रडत बसलो तर सलाईन कोण लावणार? पर ज्याचं माणूस जाणार हाय, त्याला सरळ सांगाय नको व्हय?"

ड्यूटी संपली की जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेपाशी नेऊन सगळं सांगते: काय दिलं, काय राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. त्याला ओव्हर देणं म्हणतात. पुढची सिस्टर कितीही उशिरा येवो, मावशी ओव्हर दिल्याशिवाय वॉर्डातून हलायची नाही. "तसंच गेलं की पेशंट कुणाचाच ऱ्हात न्हाय," म्हणायची. इचलकरंजीला नणंदेकडे चार दिवस जायची असली, तर तुळशीची आणि मांजराचीही ओव्हर मला द्यायची. मी "घेतली, सिस्टर" म्हणेपर्यंत पायात चप्पल घालायची नाही. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

निवृत्त झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. तिच्याच जुन्या वॉर्डात तिला ठेवलं. राउंडला आलेला तरुण डॉक्टर सोबतच्यांना म्हणाला, "मल्टिपल मेट्स. पॅलिएटिव्ह." म्हणजे उपचार संपले, आता फक्त वेदना कमी करायच्या. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. आई शेजारी बसून चादरीची घडी घालत होती. "काय म्हणाले गं?" तिनं विचारलं.

"सूज हाय म्हणत्यात," मावशी म्हणाली.

आई पाणी आणायला गेल्यावर मी चिडून म्हणाले, "जन्मभर परक्यांना सरळ सांगत आलीस, आणि सख्ख्या बहिणीशी खोटं?"

तिनं डोळे मिटून घेतले. "सगळ्यांना सांगितलं गं. हिला सांगवत न्हाय."

तिनं स्वतःच डामा घेतला आणि घरी आली.  एका दुपारी आई तिचे पाय चेपत बसली होती. मावशीनं मला जवळ बोलावलं. "ओव्हर घे," ती म्हणाली. आवाज पार खोल गेला होता. "बेड वन. फीमेल, हायपरटेन्सिव्ह. मॉर्निंग टॅब्लेट रेग्युलर. सॉल्ट कमी. नाइटला अटेंडंट मस्ट." मग नजर आईकडे वळवून, "क्रायिंग अलाउड."

 मी म्हणाले, "घेतली, सिस्टर." आई खाली मान घालून पाय चेपतच होती.

त्याच आठवड्यात मावशी गेली. दिवसकार्य होईपर्यंत आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पाहुणे पांगले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला, तर तिनं हात पुढे केला.

"गोळी दे की. ओव्हर घेतलीस न्हवं?"

"तुला ते सगळं कळलं होतं?" मी गोळी काढत विचारलं.

"एवढी वर्षं तिच्यासंगं एका घरात काढली. मेट्स म्हंजे काय, मला कळत न्हाय व्हय? मला कळलं न्हाय असं समजून तिच्या जिवाला बरं वाटत हुतं. वाटू दिलं."

मी तिच्या तळहातावर गोळी ठेवली. ती गिळून आई रडायला लागली, आणि मी तिला अडवलं नाही.