एक मुक्काम पुढे

आमच्या तासगावात केरबाला सगळे हुशार म्हणतात, आणि मला त्याची कीव येते. धनगराचा पोरगा, मेंढरांतच वाढला. मग बारा वर्षं माझ्या द्राक्षबागेत फवारणी केली. कोणतं औषध किती दिवस विषारी राहतं, हे डब्यावरचं इंग्रजी वाचून त्याला कळतं. मेंढरू आणि औषध दोन्ही जाणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यात आईकडून कानडी आलेली, म्हणून सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांशीही बोलता येतं.

चार वर्षांपूर्वी तो पुन्हा मेंढरांकडे गेला. हिवाळ्यात त्यांची पाच-सहा बिऱ्हाडं चाऱ्यामागे फिरतात, आणि शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात. ते रान आधी जाऊन पारखायचं काम कुणाचं? केरबाचंच. म्हणून तो मोटरसायकलवर कायम एक मुक्काम पुढे, आणि बायको रंगूबाई मागे कळपाबरोबर. केरबा बेदाण्याच्या एखाद्या रिकाम्या शेडमध्ये एकटाच शिळी भाकरी खातो. चार हिवाळ्यांत एकही मेंढरू विषानं गेलं नाही, पण नवरा-बायको शेजारी बसून जेवलीही नाहीत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

यंदा त्यानं म्होरक्या कोंडीबापुढे तोंड उघडलं. "आवं मामा, औंदा मला मेंढरांसंगं चालू द्या. पप्पूला धाडा फुडं."

कोंडीबानं मानलं, आणि बिऱ्हाडातल्या तरण्या पप्पूला पुढे धाडलं. दोन दिवस केरबा रंगूबाईशेजारी चालला. मला फोनवर म्हणाला, "लय बरं वाटतंय, दादा." एवढा मोकळा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पप्पूनं ठरवलेल्या बागेत मेंढरं शिरली. पप्पूनं गवत बघितलं, पाणी बघितलं. फवारणी कधी झाली हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. केरबा मागे बायकोशी बोलत होता. औषधाचा वास त्याला आला तोवर पुढची मेंढरं चरून झाली होती. अकरा मेली. त्यातली चार रंगूबाईनं माहेराहून आणलेल्या मेंढीच्या पोटची होती.

 

सकाळी रंगूबाईनं भाकरी फडक्यात बांधून मोटरसायकलच्या हँडलला अडकवली. केरबा नुसताच उभा राहिला. ती थांबा म्हणेल, असं त्याला अजून वाटत होतं.

"तुमीच जावा फुडं," ती म्हणाली. "तुमी संगं असला की आता मला भ्या वाटतंय."